हिशोबपट्टीचा व्यवहार कोणी पुरा करायचा: स्टोअर्ड प्रोसिजरने की ॲप्लिकेशनमधील कोडने?

लासलगावच्या बाजार समितीत कांद्याचा ट्रॅक्टर लिलावात उभा राहतो, भाव ठरतो, गाडी वजनकाट्यावर जाते, व्यापाऱ्याच्या खळ्यावर माल उतरतो आणि शेतकरी हिशोबपट्टी घेण्यासाठी कार्यालयात येतो. समजा, २४ क्विंटल ६० किलो उन्हाळ कांदा १,८०० रुपये क्विंटल भावाने गेला. त्याचे ४४,२८० रुपये झाले आणि हमाली व तोलाईचे २८० रुपये वजा जाता शेतकऱ्याला ४४,००० रुपये मिळायला हवेत. ही एक पट्टी छापण्याआधी संगणकाला पुष्कळ कामे करावी लागतात. या गाडीची पट्टी आधीच झालेली नाही हे पाहणे, व्यापाऱ्याच्या खात्यावर ४४,२८० रुपये नावे टाकणे, शेतकऱ्याच्या खात्यावर ४४,००० रुपये जमा करणे, हमाली-तोलाईच्या खात्यावर २८० रुपये जमा करणे, खळ्यावरील साठा वाढवणे, पट्टीला पुढचा क्रमांक देणे आणि शेवटी त्या गाडीवर ‘पट्टी झाली’ अशी खूण करणे, अशी ती सात कामे आहेत. ही सातही कामे झाली पाहिजेत, किंवा त्यांपैकी एकही होता कामा नये. या अटीलाच डेटाबेसच्या भाषेत ट्रान्झॅक्शन म्हणतात.

नाशिकमध्ये राहून अशा कार्यालयांसाठी हिशेबाचे प्रोग्राम लिहिण्यात माझी बरीच वर्षे गेली आहेत, आणि या सात कामांचा कोड कोठे लिहायचा हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक नव्या कामाच्या पहिल्या आठवड्यात उभा राहिला आहे. एक मार्ग असा की ही सातही कामे डेटाबेसच्या आतच, त्याच्याच भाषेत लिहून ठेवायची आणि बाहेरून फक्त ‘या गाडीची पट्टी कर’ एवढाच निरोप द्यायचा. अशा लिहून ठेवलेल्या कोडला स्टोअर्ड प्रोसिजर म्हणतात. दुसरा मार्ग असा की जावा, पायथॉन किंवा सी-शार्पमध्ये लिहिलेल्या ॲप्लिकेशनने ट्रान्झॅक्शन सुरू करायचे, एकेक एसक्यूएल (डेटाबेसशी बोलण्याची भाषा) आज्ञा डेटाबेसकडे पाठवायची आणि शेवटी कमिट करायचे, म्हणजे झालेले बदल कायम करण्यास सांगायचे. या निवडीवर फार तावातावाने बोलले जाते. माझा अनुभव असा की कोड कोठे आहे यापेक्षा तीन गोष्टी आधी ठरवाव्या लागतात: ट्रान्झॅक्शन कोणी उघडले व कोणी मिटवले, त्या काळात लॉक (एका कामाने धरलेली नोंद दुसऱ्याला बदलू न देणारा अडसर) किती वेळ धरून ठेवले गेले, आणि मोडता कामा नये असा नियम शेवटी कोण सांभाळतो. ही उत्तरे मिळाली की कोडची जागा बहुतेक वेळा आपोआप ठरते.

दोन्ही मार्गांत ‘सगळे किंवा काहीच नाही’ ही हमी डेटाबेसच देतो, हे प्रथम लक्षात घ्यावे. जुन्या पेढीवर मुनीम आधी रोजकीर्दीत नोंद करत असे आणि मग ती खतावणीत उतरवत असे. खतावणी अर्धवट राहिली तरी कीर्द पाहून ती पुरी करता येत असे. डेटाबेसचे कामकाजही याच रीतीने चालते. बदल आधी लॉगमध्ये लिहिले जातात, तो लॉग डिस्कवर पक्का झाल्यावरच कमिट झाल्याचे सांगितले जाते, आणि प्रत्यक्ष तक्त्यांची पाने सवडीने लिहिली जातात. मध्येच वीज गेली तर पुन्हा सुरू होताना डेटाबेस लॉग वाचून कमिट झालेले बदल पुरे करतो आणि न झालेले काढून टाकतो. या विषयाचा पाया घालण्यात जिम ग्रे यांचा मोठा वाटा होता, ज्यासाठी त्यांना १९९८ चे ट्यूरिंग पारितोषिक मिळाले. ट्रान्झॅक्शनचे चार गुण (अविभाज्यता, सुसंगती, अलगता, टिकाऊपणा) एकत्र सांगणारा ‘ॲसिड’ हा शब्द १९८३ मध्ये थिओ हार्डर आणि आंद्रेआस रॉयटर यांनी रूढ केला. ही यंत्रणा प्रोसिजरमधून आलेल्या आज्ञेला वेगळी आणि ॲप्लिकेशनमधून आलेल्या आज्ञेला वेगळी वागणूक देत नाही.

फरक पडतो तो प्रथम वेळेत. ॲप्लिकेशनमधून काम केले तर सुरुवातीची आज्ञा, सात कामांच्या सात आज्ञा आणि कमिट अशा नऊ फेऱ्या नेटवर्कवरून होतात. दोन्ही सर्व्हर एकाच खोलीत असतील आणि एका फेरीला अर्धा मिलिसेकंद लागत असेल, तर हा सगळा खर्च साडेचार मिलिसेकंदांचा आहे आणि त्याची चिंता करण्याचे कारण नाही. परंतु ॲप्लिकेशन नाशिकच्या कार्यालयातील संगणकावर आणि डेटाबेस मुंबईच्या डेटा सेंटरमध्ये, अशी मांडणी आपल्याकडे सर्रास आढळते. नाशिक ते मुंबई अंतर सुमारे १७० किलोमीटर आहे आणि काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो, म्हणजे जाऊन येण्याला निव्वळ प्रकाशाचेच १.७ मिलिसेकंद लागतात. तारेचा प्रत्यक्ष मार्ग याहून लांब असतो आणि वाटेतली उपकरणेही वेळ घेतात, म्हणून एक फेरी ६ मिलिसेकंदांची धरू. नऊ फेऱ्यांचे ५४ मिलिसेकंद होतात. पट्टी घेणाऱ्या माणसाला हा वेळ जाणवणारही नाही, पण या काळात व्यापाऱ्याच्या खात्याची तक्त्यातील ओळ लॉक झालेली असते आणि त्याच व्यापाऱ्याची दुसरी पट्टी करू पाहणाऱ्या खिडकीला तोवर थांबावे लागते. लॉक पहिल्याच आज्ञेत घेतले असेल, तर त्या एका खात्यावर सेकंदाला वीसेक पट्ट्यांपलीकडे काम जात नाही, मग डेटाबेसचा सर्व्हर कितीही तगडा असो.

हेच काम प्रोसिजरमध्ये केले तर नेटवर्कवरून एक फेरी होते आणि लॉक फक्त डेटाबेसच्या आतल्या कामापुरते, काही मिलिसेकंदच राहते. येथे एक बारकावा अनेकांच्या नजरेतून सुटतो. ॲप्लिकेशनने आधी ट्रान्झॅक्शन सुरू केले, मग प्रोसिजर बोलावली आणि मग वेगळी कमिटची आज्ञा पाठवली, तर प्रोसिजरचे काम संपल्यावरही तिचे उत्तर नाशिकला येऊन कमिट मुंबईला पोहोचेपर्यंत लॉक धरलेलेच असते. फेऱ्या नवाच्या तीन झाल्या, हा लाभ आहेच. पण ‘प्रोसिजर वापरली, म्हणजे लॉकचा प्रश्न मिटला’ असे त्यातून सिद्ध होत नाही.

याहून महत्त्वाची ओळ पट्टीच्या क्रमांकाची आहे. डेटाबेसमधील सीक्वेन्स किंवा ऑटो-इन्क्रिमेंट, म्हणजे आपोआप पुढचा क्रमांक देणारी सोय, वापरली तर क्रमांक झटपट मिळतो, पण ट्रान्झॅक्शन रोलबॅक झाले, म्हणजे त्यातील बदल मागे घेतले गेले, तरी घेतलेला क्रमांक परत जात नाही आणि क्रमात खंड पडतो. हिशेब तपासणारा मधली पट्टी कोठे गेली असे विचारतोच, आणि त्याने विचारावे हे योग्यच आहे. म्हणून खंड न पडणारा क्रमांक हवा असेल तर शेवटचा क्रमांक एका ओळीत ठेवून ती ओळ लॉक करावी लागते आणि कमिट होईपर्यंत सोडता येत नाही. व्यापाऱ्याच्या खात्याचे लॉक एका व्यापाऱ्यापुरते असते. क्रमांकाचे लॉक मात्र त्या कार्यालयातील सर्व खिडक्यांना एका रांगेत उभे करते. यावरचा पहिला उपाय प्रोसिजर नसून कामांचा क्रम आहे. क्रमांक घेण्याचे काम सर्वांत शेवटी, कमिटच्या अगदी आधी करावे, म्हणजे तेवढ्याच दोन फेऱ्यांपुरते लॉक धरले जाते. ५४ मिलिसेकंदांची अडवणूक त्यामुळे कोडची जागा न बदलता डझनभर मिलिसेकंदांवर येते. दुसरा उपाय अनेक आज्ञा एकत्र पाठवण्याचा आहे. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये ‘विथ’ने सुरू होणाऱ्या एकाच क्वेरीत अनेक तक्त्यांत बदल करता येतात आणि फेऱ्या तेवढ्या वाचतात. एवढे करूनही ती ओळ अडत असेल, तर मग तेवढ्या कामासाठी प्रोसिजर लिहिण्याला भक्कम कारण मिळते.

आता खरे सांगायचे तर कांद्याच्या एका कार्यालयाला सेकंदाला वीस पट्ट्या कधीच कराव्या लागत नाहीत. आमचे एकदा काम अडले ते मिलिसेकंदांमुळे नव्हे. पट्टी झाल्यावर शेतकऱ्याच्या मोबाइलवर संदेश जावा म्हणून आमच्यापैकी एकाने संदेश पाठवण्याची ओळ कमिटच्या आधी लिहिली होती. त्याचा विचार असा होता की संदेश गेला नाही तर पट्टीही होऊ नये. एका दुपारी संदेश पाठवणाऱ्या सेवेचे उत्तर यायला प्रत्येक वेळी वीस-पंचवीस सेकंद लागू लागले, तेवढा वेळ क्रमांकाची ओळ लॉक राहिली, आणि खिडकीपुढे दोन दिवसांच्या मुक्कामाने थकलेले शेतकरी पट्टीसाठी ताटकळत उभे राहिले. शिवाय ज्या पट्ट्या शेवटी रोलबॅक झाल्या, त्यांचे संदेश मात्र काहींना पोहोचलेले होते. जे परत घेता येत नाही ते ट्रान्झॅक्शनच्या आत करू नये, हा नियम मी त्या दिवसापासून मोडलेला नाही. संदेश, बँकेकडे पैसे पाठवण्याची विनंती, ई-मेल यांची नोंद फक्त एका ‘पाठवायचे आहे’ अशा तक्त्यात त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये करावी, आणि कमिट झाल्यावर वेगळ्या प्रोग्रामने ती नोंद वाचून संदेश पाठवावा. अशी चूक ॲप्लिकेशनच्या कोडमध्ये अधिक सहज होते, कारण तेथे डेटाबेसची आज्ञा आणि बाहेरच्या सेवेची आज्ञा शेजारीशेजारी, सारख्याच दिसणाऱ्या ओळींत लिहिल्या जातात. प्रोसिजरची भाषा तोकडी आहे अशी तक्रार होते. पण तिच्या तोकडेपणाने येथे आपोआप कुंपण घातले जाते, हा तिचा गुण मला मान्य करावा लागतो.

चूक झाल्यावर काय घडते, याबाबत मात्र दोन्ही बाजूंना सारखेच खड्डे आहेत. जावामध्ये स्प्रिंग ही तयार कोडची चौकट वापरणारे अनेकजण असे गृहीत धरतात की ट्रान्झॅक्शनची खूण केलेल्या मेथडमधून कोणतेही एक्सेप्शन (चूक झाल्याचा इशारा) बाहेर पडले की रोलबॅक होईल. प्रत्यक्षात मूळ मांडणीत रनटाइम एक्सेप्शन आणि एरर यांवरच रोलबॅक होतो. ‘चेक्ड’ प्रकारच्या, म्हणजे हाताळण्याची तजवीज कोडमध्ये आधीच लिहावी लागते अशा, एक्सेप्शनवर, तसे वेगळे सांगितले नसेल तर, आधी झालेले बदल कमिट होतात. मायएसक्यूएल या डेटाबेसच्या इनोडीबी या साठवण-यंत्रणेत लॉकची वाट पाहण्याची मुदत मुळात ५० सेकंदांची असते, आणि ती संपल्यावर सहसा फक्त ती एक आज्ञा मागे घेतली जाते, संपूर्ण ट्रान्झॅक्शन नव्हे. ॲप्लिकेशनने ती चूक पकडून लॉगमध्ये लिहिली आणि पुढे जाऊन कमिट केले, तर व्यापाऱ्याला रक्कम नावे पडलेली आणि शेतकऱ्याला जमा न झालेली अशी पट्टी तयार होऊ शकते. पोस्टग्रेस याबाबत कडक आहे: ट्रान्झॅक्शनमध्ये एक आज्ञा चुकली की रोलबॅक होईपर्यंत तो पुढची आज्ञा स्वीकारत नाही.

प्रोसिजर लिहिली म्हणजे तिच्यातील सगळे काम आपोआप एक ट्रान्झॅक्शन होते, हाही समज सार्वत्रिक खरा नाही. पोस्टग्रेसच्या फंक्शनबाबत तो खरा आहे, कारण फंक्शन नेहमी बोलावणाऱ्याच्या ट्रान्झॅक्शनमध्येच चालते. मायएसक्यूएलमध्ये ऑटोकमिट (प्रत्येक आज्ञा लगेच आपोआप कमिट करण्याची सोय) चालू असताना प्रोसिजरमध्ये ट्रान्झॅक्शन स्पष्टपणे सुरू केले नसेल, तर आतली प्रत्येक आज्ञा स्वतंत्रपणे कमिट होते. आणि ओरॅकल डेटाबेसच्या पीएल/एसक्यूएल या प्रोसिजर लिहिण्याच्या भाषेत ‘कोणतीही चूक आली तर काहीच करू नकोस’ असा एका ओळीचा पापुद्रा चढवून ठेवलेले कोड ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना प्रोसिजरमध्येही चूक किती शांतपणे गिळली जाते हे ठाऊक आहे.

यातूनच उघडण्या-मिटवण्याचा प्रश्न येतो. प्रोसिजरने स्वतः कमिट करावे का? पोस्टग्रेसमध्ये ही सोय २०१८ मध्ये, ११ व्या आवृत्तीत आली, आणि आधीच उघडलेल्या ट्रान्झॅक्शनमधून अशी प्रोसिजर बोलावली तर तो चूक दाखवून थांबतो. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरमध्ये एकात एक ट्रान्झॅक्शन सुरू केल्यासारखे दिसते, पण तेथे फक्त मोजणी वाढते. आतल्या प्रोसिजरने साधा रोलबॅक दिला की बाहेरच्याचे कामही पुसले जाते. म्हणून ज्याने ट्रान्झॅक्शन उघडले त्यानेच ते मिटवावे, हा दंडक ठेवणे सर्वांत सुरक्षित आहे. माझ्या कामात उघडणे-मिटवणे ॲप्लिकेशनच्या बाहेरच्या थरात, वाचणाऱ्याला लगेच दिसेल अशा एकाच ठिकाणी असते, आणि आतली प्रोसिजर कमिट किंवा रोलबॅक करत नाही. काही बिनसले तर ती फक्त चूक वर पाठवते. लाखो ओळींची सफाई टप्प्याटप्प्याने कमिट करत जाणारी रात्रीची प्रोसिजर याला अपवाद आहे, कारण तिला बाहेरून बोलावणारे दुसरे कोणी नसते.

ॲप्लिकेशनकडे ही मालकी देण्याचे मुख्य कारण पुन्हा प्रयत्न करण्याचे आहे. एका खिडकीने व्यापाऱ्याचे खाते धरले व ती क्रमांकाची वाट पाहत आहे, दुसरीने क्रमांक धरला व ती त्याच खात्याची वाट पाहत आहे, अशी कोंडी झाली की डेटाबेस दोघांपैकी एकाचे ट्रान्झॅक्शन मोडतो. यालाच डेडलॉक म्हणतात. सर्व ठिकाणी लॉक एकाच क्रमाने घेतले तर अशी कोंडी होत नाही, आणि तो क्रम एकदाच एका प्रोसिजरमध्ये लिहिलेला असणे येथे उपयोगी पडते. तरीही कधी तरी ट्रान्झॅक्शन मोडतेच, आणि ते पहिल्या आज्ञेपासून पुन्हा करावे लागते. मोडलेल्या ट्रान्झॅक्शनच्या पोटात बसलेल्या प्रोसिजरला बाहेरचे ट्रान्झॅक्शन नव्याने सुरू करता येत नाही. बाहेरच्या थराला ते दोन-तीन वेळा, मध्ये थोडा वेळ सोडून, सहज करता येते.

आपल्याकडे प्रोसिजरचा भर कोठून आला, हे पाहिले की तिचे बळही कळते. सायबेस या कंपनीने १९८७ मध्ये आपल्या एसक्यूएल सर्व्हरमध्ये स्टोअर्ड प्रोसिजर आणल्या, ओरॅकलने १९९२ मध्ये सातव्या आवृत्तीत. मायएसक्यूएलमध्ये त्या २००५ च्या सुमारास ५.० आवृत्तीत आल्या. सुरुवातीच्या त्या काळात प्रत्येक टेबलावरील संगणकावर प्रोग्राम असे आणि तो थेट डेटाबेसशी बोलत असे, त्यामुळे नियम सर्व्हरवर ठेवणे भाग होते. पुढे मध्ये ॲप्लिकेशन सर्व्हर आला आणि ती गरज पुष्कळशी ओसरली. मात्र जेथे एकाच डेटाबेसमध्ये लिहिणारे प्रोग्राम अनेक आहेत, तेथे ती आजही तशीच आहे. काट्यावरचा प्रोग्राम एकाने दिलेला, कार्यालयातील दुसऱ्याने लिहिलेला, मोबाइल ॲप तिसऱ्याचे, आणि हे तिघेही त्याच खात्यांत लिहितात, ही आपल्याकडची नेहमीची स्थिती आहे. अशा वेळी तक्त्यांवर थेट लिहिण्याचा अधिकार काढून घेऊन फक्त प्रोसिजर चालवण्याचा अधिकार देता येतो, आणि पट्टी करण्याचा रस्ता सर्वांसाठी एकच उरतो. ॲप्लिकेशनमध्ये कितीही काळजीने लिहिलेला नियम शेजारच्या प्रोग्रामला बांधून ठेवू शकत नाही.

त्याहूनही आधी डेटाबेसच्या साध्या बंधनांचा उपयोग करावा, असा माझा आग्रह आहे. एका गाडीची दुसरी पट्टी होऊ नये यासाठी गाडीच्या आवक-नोंदीच्या क्रमांकावर ‘युनिक’ (तोच क्रमांक दुसऱ्यांदा येऊ न देणारे) बंधन घालणे ही एका ओळीची गोष्ट आहे. ‘पट्टी झाली आहे का’ हे आधी वाचून मग लिहिणारा कोड, तो प्रोसिजरमध्ये असो की जावामध्ये, दोन खिडक्यांनी एकाच क्षणी वाचले तर फसतो. पोस्टग्रेस, ओरॅकल आणि एसक्यूएल सर्व्हर यांची मुळातली आयसोलेशनची (एकाच वेळी चालणारी ट्रान्झॅक्शन एकमेकांपासून किती वेगळी ठेवायची याची) पातळी ‘रीड कमिटेड’ (फक्त कमिट झालेलेच वाचू देणारी) आहे, आणि ती या फसगतीपासून वाचवत नाही. वाचतानाच ‘फॉर अपडेट’ने (एसक्यूएल सर्व्हरमध्ये ‘अपडलॉक’ या सूचनेने) ओळ लॉक करावी लागते, आणि तेही विसरले गेले तर बंधन शेवटचा अडसर म्हणून उभे राहते.

प्रोसिजर अधिक सुरक्षित असते हा युक्तिवाद मात्र मला अर्धाच पटतो. बाहेरून आलेला मजकूर जोडून एसक्यूएल तयार केले की घुसखोरीला वाट मिळते, आणि ती वाट प्रोसिजरमध्ये मजकूर जोडून आज्ञा चालवली तरी तितकीच उघडी असते. उलट ॲप्लिकेशनमधून पॅरामीटर देऊन, म्हणजे माहिती आज्ञेच्या मजकुरात न जोडता वेगळी, पाठवलेली क्वेरी त्यापासून सुरक्षित असते.

देखभालीत तोल ॲप्लिकेशनकडे झुकतो. तेथे चाचण्या लिहिणे सोपे जाते, कोणी काय बदलले ते गिट या कोडच्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात दिसते, आणि काम वाढले तर ॲप्लिकेशनचे आणखी दोन सर्व्हर जोडता येतात. डेटाबेसचा सर्व्हर तसा सहज वाढत नाही, म्हणून त्याच्यावर दरांचे गणित किंवा पट्टीची मांडणी असली कामे लादू नयेत. ओरॅकलची पीएल/एसक्यूएल, एसक्यूएल सर्व्हरची टी-एसक्यूएल आणि पोस्टग्रेसची पीएल/पीजीएसक्यूएल या भाषा एकमेकींहून वेगळ्या आहेत, तर एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसमध्ये स्टोअर्ड प्रोसिजर मुळीच नाहीत. त्यामुळे डेटाबेस बदलताना हा कोड नव्याने लिहावा लागतो. प्रोसिजर ठेवायच्याच असतील तर त्याही फाइलमध्ये लिहून, फ्लायवे किंवा लिक्विबेससारख्या साधनाने क्रमवार बसवाव्यात. रात्री सर्व्हरवर थेट उघडून दुरुस्त केलेली प्रोसिजर सहा महिन्यांनी कोणाच्याही संग्रहात सापडत नाही.

सध्याच्या कामात आम्ही अशी वाटणी केली आहे. युनिक, परकीय किल्ली (एका तक्त्यातील नोंद दुसऱ्या तक्त्यातील नोंदीशी जुळलीच पाहिजे हा नियम) आणि रक्कम ऋण नसावी अशी बंधने डेटाबेसमध्ये आहेत. दर, वजावट, मंजुरी आणि छपाई यांचा सगळा कोड ॲप्लिकेशनमध्ये आहे. पट्टी पक्की करण्याचे काम तेवढे एका छोट्या प्रोसिजरमध्ये आहे, कारण काट्यावरचा प्रोग्रामही तेच काम करतो आणि क्रमांकाची ओळ तेथे सर्वांत शेवटी धरली जाते. या प्रोसिजरला प्रत्येक प्रोग्राम स्वतः तयार केलेला एक विनंती-क्रमांक देतो आणि त्या क्रमांकावरही युनिक बंधन आहे. कमिटची आज्ञा गेली आणि उत्तर येण्याआधीच नेटवर्क तुटले, तर पट्टी झाली की नाही हे खिडकीवरच्या माणसाला कळत नाही, आणि ही अनिश्चितता कोड कोठेही ठेवला तरी टळत नाही. अशा वेळी प्रोग्राम तोच विनंती-क्रमांक घेऊन पुन्हा विचारतो. पट्टी आधी झालेली असेल तर प्रोसिजर तिचाच क्रमांक परत देते, झालेली नसेल तर आता करते, आणि शेतकऱ्याच्या खात्यावर ४४,००० रुपये एकदाच जमा होतात.